सात गडी आणि एक पावतीपुस्तक

मैदानाचं काम स्पर्धेच्या आठ दिवस आधी सुरू होतं. शाळेमागच्या पटांगणाचा एक तुकडा कुदळीनं उकरायचा, ढेकळं फोडायची, माती चाळून घ्यायची. एखादा खडा राहिला तर कुणाचा तरी गुडघा फुटणार, म्हणून लहान पोरांना खडे वेचायला बसवलेलं असतं. मग पाणी, मग रोलर, पुन्हा पाणी. शेवटच्या दिवशी दोरी ताणून फक्की पडते. १३ मीटर लांब, १० मीटर रुंद, मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणखी एका मीटरवर बोनस रेषा. कोपऱ्यांचा काटकोन गवंड्याकडून मागून आणलेल्या गुण्यानं तपासला जातो. दोरी धरणाऱ्याला हे सगळे आकडे तोंडपाठ असतात.

दिवाळी सरली की होळीपर्यंत सातारा, सांगली, कोल्हापूरपासून रायगड, रत्नागिरीपर्यंत आणि नगर, नाशिकपासून मराठवाड्यापर्यंत अशी मैदानं आखली जातात. एसटी स्टँडवर फ्लेक्स लागतो, त्यावर ‘प्रकाशझोतातील भव्य कबड्डी स्पर्धा’ अशी ओळ असते. खाली वजनी गट, प्रवेश फी आणि बक्षिसांची यादी. पहिलं बक्षीस एखाद्या व्यापाऱ्याचं. दुसरं बक्षीस निवृत्त फौजीनं वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेलं. उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड यांचे चषक कुणा पोल्ट्रीवाल्याकडून, कुणा दूध संकलन केंद्राकडून. तृतीय क्रमांक विभागून. ही यादी नीट वाचली तर गावाचं अर्थकारणच हाती लागतं. कुणाकडे चार पैसे आले, कुणाला मान हवा आहे, कुणाचं माणूस यंदा गेलं, हे सगळं त्या फ्लेक्सवर असतं.

बाहेरच्याला दिसतो तो सामना. गावातल्या तरुण मंडळाचं खरं काम त्या सामन्याभोवती चाललेलं असतं, आणि या लेखाचा विषय ते काम आहे.

संस्था नोंदणी अधिनियम १८६० सालचा. इंग्रजांच्या काळातला हा कायदा आजही लागू आहे आणि त्याप्रमाणे संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. कबड्डीच्या मैदानात एका बाजूला उतरतात तेही सात. हा निव्वळ योगायोग. तरी अनेक गावांत मंडळाच्या नोंदणीच्या कागदावर सही करणारे सात आणि पहिल्या संघातले सात गडी बऱ्याच अंशी तेच असतात, कारण एकमेकांवर भरवसा ठेवायची सवय त्यांना मैदानात लागलेली असते. नोंदणीनंतर धर्मादाय आयुक्तालयाचं दार येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. नोंदणी नसलेल्या मंडळाला गणपतीसाठी वर्गणी गोळा करायची असेल तर या कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. एकवीस वर्षांचा पोरगा तालुक्याला जाऊन अर्ज लिहितो, ठरावाची नक्कल जोडतो, खजिनदाराकडून पावतीपुस्तकाचे क्रमांक घेतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ही कामं नसतात. ती शिकायची गावातली जागा म्हणजे मंडळ.

स्पर्धा भरवणं म्हणजे तर छोटं राज्य चालवणं. पंचांना वेळेवर बोलवायचं, त्यांच्या मानधनाची आणि जेवणाची सोय करायची. बाहेरून आलेल्या संघांना झोपायला शाळेच्या खोल्या मागायच्या, त्यासाठी मुख्याध्यापकांना आणि शाळा समितीला भेटायचं. जनरेटर सांगून ठेवायचा, कारण ऐन उपांत्य सामन्यात वीज जाते हा सगळ्यांचा अनुभव. ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी काढायची. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यामुळे रात्री १० नंतर भोंगा बंद. सामने लांबले तर निवेदकाविना, नुसत्या पंचांच्या शिट्टीवर खेळवावे लागतात. शेवटची आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे भांडण. वजन करताना एखाद्याचा काटा अर्धा किलो पुढे जातो आणि त्याचा संघ हरकत घेतो. तेव्हा टेबलामागे बसलेल्या पोराला नियमाचं पुस्तक उघडून, आवाज न चढवता, आपल्या मामाच्या गावच्या संघालाही नाही म्हणावं लागतं.

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, हे नव्या प्रेक्षकाला ऐकायला मजेशीर वाटतं. गावाच्या पंचायतीतला शब्द मैदानात आला आणि तिथं टिकला. मैदानातल्या सरपंचाचा निर्णय शेवटचा. अनेक मंडळांतून पुढे ग्रामपंचायतीचा सरपंचही निघतो, त्याची तालीम अशी झालेली असते.

हा खेळ नियमांत बसवण्याचं बरंचसं काम महाराष्ट्रात झालं. कबड्डीचं जुनं रूप असलेला हुतूतू गावोगाव वेगळा खेळला जायचा. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत तो अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे आणि अमर प्रकारात गडी बाद होऊनही मैदानात राही, फक्त गुण मोजला जाई. १९१८ मध्ये नियमांचा आराखडा झाला. १९२३ मध्ये नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांवर अखिल भारतीय स्पर्धा झाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ आला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. खेळाला तिथवर नेण्यासाठी आयुष्य घालवणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. या सगळ्या प्रवासात महासंघ आणि संघटना दिसतात. त्यांना गडी पुरवले ते मात्र वाड्या-वस्त्यांवरच्या आणि मुंबईच्या गिरणगावातल्या मंडळांनी.

गिरणगावचं नाव घेतलं की कोकण ओघानं येतंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीच्या मंडळाला दोन पत्ते असतात, एक गावचा आणि एक मुंबईचा. लेटरहेडवर ‘ग्रामीण’ आणि ‘मुंबई’ अशा दोन कार्यकारिणी छापलेल्या. गिरण्यांत कामाला आलेले चाकरमानी लालबाग, परळ, वरळीच्या चाळींत गावकीच्या खोल्यांमधून दाटीवाटीनं राहायचे, आणि रविवारी त्याच खोलीत वाडीची सभा भरायची. विहिरीचा कठडा, देवळाचं छप्पर, शाळेची भिंत यांसाठी माणशी वर्गणी ठरायची. परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन-खेळे लावून तिकिटांतून पैसा उभा राहायचा. संध्याकाळी पाळी सुटली की गिरणीच्या संघातून कबड्डी, आणि शिमग्याला गावी गेलं की वाडीच्या संघातून. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या संपत गेल्या आणि हे कामगार-खेळाडू विखुरले. मंडळं मात्र राहिली. आजही गणपतीला आणि शिमग्याला त्यांचे दोन्ही पत्ते एका अंगणात जमतात.

कोकणातल्या मंडळांची स्पर्धेची आवड कबड्डीवर थांबत नाही. डबलबारीत दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, पखवाजाच्या साथीनं एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातून उत्तर द्यायचं. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर सवाल-जवाब करतात. ऐकणारी माणसं शेतकरी, रिक्षावाले, मासळी विकणाऱ्या बाया. पुराणातला संदर्भ कुठं चुकला हे ती जागच्या जागी ओळखतात. पाठांतर, हजरजबाबीपणा आणि सभेत उभं राहण्याचं धैर्य या गोष्टी वक्तृत्व स्पर्धेच्या चषकापेक्षा इथं कितीतरी कडक तपासल्या जातात. या रात्रींची नीट ध्वनिमुद्रणं व्हावीत, बुवांच्या वह्या जपल्या जाव्यात, हे काम मंडळांनी हातात घेतलं तर फार मोठी ठेव वाचेल.

गावानं आपल्या खेळाडूमागे उभं राहायचं म्हणजे काय, याचं उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचं आहे. कुस्तीगीर खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे हवे होते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या स्वागताला शंभरावर बैलगाड्या निघाल्या. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. वर्गणी, उपकार आणि परतफेड हे सगळं एकाच हिशेबात मांडलेलं होतं. गावातल्या आजच्या पावतीपुस्तकामागेही हीच रीत आहे.

आता त्या हिशेबात नवी पानं जोडली गेली आहेत. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीवरच्या पोराला मॅटचे वेध लागले, ३० सेकंदांची चढाई आणि ‘तिसरी चढाई’ हे शब्द गल्लीतल्या खेळातही आले. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे, हे दोघेही २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. त्यांची छायाचित्रं मंडळाच्या फ्लेक्सवर दिसतात आणि ती दिसायलाच हवीत. अडचण मॅटची आहे. ती महाग असते, ठेवायला पत्र्याची खोली लागते, आणि मातीवर शिकलेली घोटापकड मॅटवर वेगळी बसते, कारण पाय वेगळा सरकतो. जिल्हा निवड चाचणी मॅटवर आणि रोजचा सराव मातीवर, अशी स्थिती असलेल्या गावातल्या मुलाला पहिल्या पाच मिनिटांत पायाखालची जमीन अनोळखी वाटते. दहा-बारा गावांनी मिळून एक मॅट घेतली, पाळीपाळीनं वापरली, तर हा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

दुसरी लाट टेनिस चेंडूच्या क्रिकेटची. पेरणीआधी मोकळ्या पडलेल्या रानात जेसीबी फिरवून खेळपट्टी होते, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालतं, पहिल्या बक्षिसाला मोटरसायकल असते. कुठं बोकड, कुठं कोंबड्या. पोरांना त्यात रस आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण मोटरसायकल देणाऱ्याला पुढच्या निवडणुकीत आपल्या मागे उभी राहणारी पोरं हवी असतात. माणशी पन्नास-शंभर रुपये वर्गणी काढून चालणाऱ्या मंडळात हिशेब विचारायचा हक्क प्रत्येकाला असतो. एकाच देणगीदारावर चाललेल्या मंडळात तो हक्क हळूहळू विसरला जातो. पावतीपुस्तक बंद पडलं की सभा बंद पडते, आणि सभा बंद पडली की मंडळ म्हणजे फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांची रांग उरते. हे अनेक गावांत झालं आहे. ते बघताना वाईट वाटतं, कारण त्याच पोरांच्या हातून दुसऱ्या कुठल्या गावात केवढं काम झालं हे माहीत असतं.

त्यातलं एक गाव नगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि पाण्याचा दुष्काळ होता. यादवबाबांच्या मंदिराची डागडुजी झाली, गावातल्या पोरांचं तरुण मंडळ उभं राहिलं आणि दारूबंदीचं काम त्या मंडळानं अंगावर घेतलं. दारू पिऊन आलेल्या माणसाला खांबाला बांधून मारण्यापर्यंत त्यातल्या काहींची मजल गेली, आणि हजारे यांनी ते कधी लपवलं नाही. गाव सुधारलं, पण तो मार चुकीचाच होता. तरुणांच्या हातात गाव दिलं की जोश येतो आणि त्याला आवर घालणारी सभाही तितकीच जागी असावी लागते, हे राळेगणच्या गोष्टीत दोन्ही अंगांनी दिसतं.

नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारची सुरुवात वेगळी. १९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवारांना सरपंचपदासाठी गळ घातली. ते शिकलेले, क्रिकेट खेळणारे. घरच्यांना त्यांनी खेळात किंवा नोकरीत नाव काढावं असं वाटत होतं. ते बिनविरोध निवडून आले. पाणलोटाची कामं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, आणि जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना ग्रामसभेनं घातलेला बांध, या वाटेनं गाव पुढं गेलं. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्या गावात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. किती पाऊस पडला, किती मुरला, किती वापरायचा. मंडळाच्या जमाखर्चाची सवय पाण्याला लावली की असं होतं.

खेळातली ईर्ष्या थेट कामाला जुंपण्याचा सगळ्यांत मोठा प्रयोग पाणी फाउंडेशननं केला. २०१६ च्या उन्हाळ्यात सत्यमेव जयते वॉटर कप सुरू झाला, पहिल्या वर्षी ३ तालुके (वरूड, अंबाजोगाई, कोरेगाव) आणि ११६ गावं. ४५ दिवसांत कोणतं गाव पाणी अडवण्याचं आणि जिरवण्याचं सर्वांत चांगलं काम करतं, एवढाच सामना. आधी गावातल्या निवडक माणसांना शिबिरात बोलवून समतल रेषा कशी काढायची, चर कुठं खणायचे, दगडी बांध कसा रचायचा हे शिकवलं गेलं. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. २०१७ मध्ये ३० तालुके झाले आणि वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा, कोलाम आदिवासींचं छोटंसं गाव, जिंकलं. २०१८ ला माण तालुक्यातलं टाकेवाडी आणि २०१९ ला बार्शी तालुक्यातलं सुर्डी. ज्या गावांत आधीपासून चालतं-बोलतं मंडळ होतं, तिथं पहाटे पाचला पन्नास माणसं टिकाव घेऊन हजर करणं सोपं गेलं, कारण कुणाला हाक मारायची, कुणाची समजूत काढायची, कुणाला काम वाटून द्यायचं हे पोरांना ठाऊक होतं. चर खणतानाही ओरडा कबड्डीसारखाच. शेजारच्या गावानं आज किती खणलं, याची बातमी रात्री मोबाइलवर आणि सकाळी दुप्पट जोर. २०२२ पासून तीच संस्था गटशेतीसाठी फार्मर कप घेते, त्यात एकट्या शेतकऱ्याऐवजी गट उतरतात.

सरकारनंही मंडळांना हाताशी धरायचा प्रयत्न केला. नेहरू युवा केंद्रं १९७२ मध्ये सुरू झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत युवा मंडळांची नोंद, क्रीडासाहित्य, शिबिरं, सर्वोत्तम मंडळाला पुरस्कार अशी पद्धत बसली. २०२३ मध्ये ‘मेरा युवा भारत’ ही नवी यंत्रणा आली. १२ जानेवारीला, विवेकानंदांच्या जयंतीला, या मंडळांकडून कार्यक्रम होतात. चेंडू आणि जाळी मिळतात, ते उपयोगी पडतं. मंडळ जिवंत ठेवण्याचं काम मात्र जिल्ह्याच्या कचेरीतून होत नाही.

या सगळ्यात मुली कुठं आहेत? मंडळाच्या कार्यकारिणीच्या यादीत त्यांची नावं शोधावी लागतात. गणपतीत त्यांच्यासाठी रांगोळी, पाककला, संगीत खुर्ची. गेल्या काही वर्षांत ‘खेळ पैठणीचा’ गावोगाव पोहोचला. बायकांना एका संध्याकाळी मोकळं हसायला मिळतं, याचं मोल कमी नाही. तरी मैदान अजून मुलांचंच आहे. आणि खेळायला जागा मिळाली तर मुली काय करतात हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारतानं जिंकला, त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय संघानं २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण घेतलं आणि तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मराठी मुलगी. दोन्ही विश्वविजेते संघ भारताचे, पुरुषांचाही आणि महिलांचाही.

गावातली अडचण साधी आणि चिवट आहे. खो-खो खेळणारी मुलगी विसाव्या-एकविसाव्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. तिच्या सासरच्या गावात सून म्हणून तिला मैदानावर कुणी बोलवत नाही. मुलाच्या हातात मंडळ पंधराव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत असतं, मुलीच्या हातात चार-पाच वर्षं. त्यामुळे मुलींचं मंडळ दर काही वर्षांनी पहिल्यापासून बांधावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी ते काम एखादी शिक्षिका एकटी ओढते. ज्या मंडळांनी घटनेतच कार्यकारिणीतल्या दोन जागा गावातल्या सुनांसाठी ठेवल्या, त्यांनी योग्य जागी हात घातला असं म्हणावं लागेल. बचत गटाचं पासबुक सांभाळणाऱ्या बाईला मंडळाचा जमाखर्च लिहिणं मुळीच अवघड नाही.

अंतिम सामना बहुधा रात्री संपतो. शेवटच्या मिनिटाला एका संघाचे तीनच गडी उरलेले असतात, चढाईला आलेला निदान रेषा ओलांडतो, कोपरारक्षक पायाला झेपावतो, दोघं येऊन कमरेला धरतात. अव्वल पकड. एक गुण जास्तीचा. ढोल वाजतात, बक्षिसं वाटली जातात, पाहुणे जातात, बाहेरचे संघ टेम्पोत बसतात. मग मैदानावर मंडळाचीच पोरं उरतात. कुणी दिव्यांच्या वायरी गुंडाळतं, कुणी शाळेच्या खोल्या झाडतं, कारण सकाळी दहाला वर्ग भरायचे असतात. ओट्यावर खजिनदार पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती मांडून बसलेला असतो. जनरेटरवाल्याचे द्यायचे राहिले आहेत, एका देणगीदारानं सांगितलेली रक्कम अजून आलेली नाही, पाण्याच्या टँकरची पावती सापडत नाही. दोघं जण ती खिशात, पिशवीत, चहाच्या किटलीखाली शोधतात. सापडते. खजिनदार ती वहीत चिकटवतो, बेरीज पुन्हा एकदा करतो आणि रविवारच्या सभेची वेळ ग्रुपवर टाकतो.